फरशी चकाचक, जाऊ घरी

आणि वर मलाच विचारतात, "मावशी, तोंड का पाडलंय?" पाडलंय? अहो, तुम्हाला सांगते, ते उचलून धरायला सरकारकडे माणूसच उरला नाही!

सरकारी दवाखाना आमचा. झाडलोटीला दोघी, मी आणि माझी धाकटी जाऊ. वीस खाटा, दोन जिने, आणि ते संडास... राहू द्या, तुम्ही जेवून आला असाल. पंखे पुसायचे तर मी स्टुलावर आणि जाऊ खालून स्टूल धरून, कारण त्याचा एक पाय लंगडा. नवं मागितलं की मोठे डॉक्टर मान हलवत म्हणणार, "मावशी, देशाची वाढ पण हवी, काटकसर पण हवी!" वाढ कुठाय? ती काय समोर, पाच मजली इमारत, नुसती काचेची! त्या काचा कोण पुसणार, विचारलं कुणी?

तर मध्येच बातमी आली, खर्च तपासणारे साहेब येणार, कुठे किती माणसं लागतात ते बघणार. जाऊ पांढरीफटक. दीर दोन वर्षं अंथरुणावर, घर हिच्या एकटीच्या पगारावर. "ताई, मला काढतील का हो?" म्हटलं, "काढतायत! असं काम दाखवू की डोळे दिपतील मेल्यांचे!" माझीच अक्कल! चौथीपर्यंतची, गहाण ठेवली तरी कुणी घेणार नाही!

तीन दिवस घासलं हो, नखं गेली. साहेब आले, फरशीत बघून त्यांनी भांग नीट केला! "वा! किती जणी आहात?" मी छाती काढून, "दोघीच, साहेब!" "फक्त दोघी?" आणि वहीत लिहिलं काहीतरी. आम्हाला वाटलं, शाबासकी लिहितोय. जाऊने आनंदाने मला चिमटा काढला!

महिन्याने कागद आला. डॉक्टरांनी वाचला... "स्वच्छता उत्तम आहे, सबब दोन पदांची गरज नाही." नंतर लागलेली आधी घरी. म्हणजे जाऊ! मी म्हटलं, "आणि घाण ठेवली असती तर?" "तर काम होत नाही म्हणून दोघींना काढून कंत्राट दिलं असतं." घासलं तरी मेलो, नाही घासलं तरी मेलो, मग ते साहेब फरशी बघायला आले होते कशाला? "मावशी, शेवटी वाढ पण हवी..." म्हटलं, "काटकसर जरा तुमच्या तोंडाला पण लावा!" बोलले मी. घाबरते की काय!

जाऊ भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "ताई, थोडं कमी घासलं असतं ना आपण..." आता तिच्याकडे गेले की चहा देते, पण माझ्याकडे बघत नाही.

आणि गेल्या आठवड्यात वरून काय आलं? सन्मानपत्र! चौकटीत, काच लावून! 'काटकसरीत आदर्श दवाखाना.' "मावशी, हे दारावर उंच लावा." लावते की! चढते स्टुलावर. पण खालून धरणार कोण? वाढ धरणार, की काटकसर धरणार? डॉक्टर घड्याळ बघत निघून गेले.

तेव्हापासून ते पत्र बादलीमागे भिंतीला टेकून उभं आहे. रोज पुसते. चला, वाढ झाली म्हणायची... पुसायला आणखी एक काच वाढली!