रोज सकाळी एक फाइल

— छे छे, बूट काढू नकोस लेन, फरशी काय, घाणच आहे. ये, आर्विडच्याच खुर्चीत बस, दुसरी आहे कुठे या खोलीत? वेलदोड्याचा पाव कालचा आहे, कॉफीत बुडवून खा. तर फोनवर सांगत होते ते हे — कॉम्प्युटर मी बंद केलेलाच नाही. आर्विड मार्चमध्ये गेला, आता झाडावर सफरचंदं पिकलीत, आणि हे यंत्र अजून रोज सकाळी त्याच्यासाठी नवी फाइल तयार करतंय! तुम्हा दोघांचंच ना हे खूळ? जन्मभर युनिव्हर्सिटीचे कॉम्प्युटर सांभाळलेत, आणि डायरी कशात लिहायची, तर साध्या टेक्स्ट फाइलीत. रंग नाही, चित्र नाही, नुसती अक्षरं. मी म्हणायचे, अरे, चांगली वही मिळते की दुकानात — तर म्हणे, हेल्मी, कंपन्या बुडतात, ॲप बंद पडतात, साधी अक्षरं शंभर वर्षांनीही उघडतील. उघडतात बाबा. रोज उघडतात. त्यांचं मी काय करू?

हे बघ, आजची. वर तारीख, खाली चार मथळे — झोप, हवा, काम, हेल्मी. मी कामाच्याही खाली! हस, हस. तो असताना मी एक ओळ वाचली नाही हं, त्याचं खाजगी होतं ते. गेल्यावर वाचलं. ‘हेल्मी: खांदा दुखतोय, सांगत नाही.’ ‘हेल्मी: रागावली. कारण कळलं नाही.’ — कळलं नाही म्हणे! सगळ्या गावाला कळलं होतं. आणि मग हिवाळ्यात बघ, ‘झोप: नाही.’ ‘झोप: नाही.’ हवा लिहिणं सोडलं, काम रिकामं. माझ्या नावापुढे मात्र रोज काहीतरी असायचंच. शेजारी निजत होते मी लेन, आणि मला वाटायचं, घोरत नाही म्हणजे सुखात आहे. तेवढं थांबवून दे आता. रोज सकाळी माझं नाव आणि पुढे काही नाही — नाही सोसवत मला.

अपघातच होता, शेरीफनं तसंच लिहिलं, चर्चमध्येही मी तेच सांगते. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला, पायाखालचा बर्फ फुटला. होतं असं. दर वर्षी कुणीतरी जातंच ना? — पण तू इथलाच आहेस. मार्च संपत आलेला, बर्फ राखाडी, कच्चा पडलेला, सगळ्यांनी बर्फावरची आपापली मासेमारीची खोपटी कधीच काठावर ओढून आणलेली — कोण जातं रे तेव्हा? आणि पहार न घेता? शेंबडं पोरसुद्धा पुढचा बर्फ ठोकल्याशिवाय पाऊल टाकत नाही, आणि आर्विडची पहार गॅरेजमध्ये खुंटीवर. विसरला असेल. माणूस विसरतो. विसरतो की नाही? — आणि त्या दिवशीच्या फाइलीत स्वच्छ लिहिलंय की, ‘काम: मासे. जेवायला घरी.’ घरी येणार होता तो! शेरीफला मी हेच दाखवलं, त्यानं मान डोलावली, मिटलं.

असा का बघतोस? काय दिसतंय तिथं? … फाइल कधी बदलली ती वेळ? — मला काय माहीत वेळ पण दिसते म्हणून. … हो. दुपारची. तोपर्यंत तो सापडलाही होता. बरं, मीच लिहिलं ते. शेरीफची गाडी अंगणात वळताना दिसली आणि मी लिहिलं. माझ्या नावापुढे लांबलचक काहीतरी होतं, इतकं तो कधी लिहायचा नाही. पहिला शब्द वाचला, ‘माफ’ — आणि सगळं पुसून टाकलं. वाचलं नाही. पुढं वाचायचा धीरच झाला नाही मला. आणि गंमत बघ, वही असती तर हस्ताक्षर तरी माझं दिसलं असतं, इथं त्याची अक्षरं आणि माझी अक्षरं सारखीच. महिनोन्‌महिने वाचून वाचून मला खरंच वाटायला लागलं, की तोच म्हणाला, जेवायला घरी. मी त्या रात्री दोन ताटं घेतली होती, माहितेय?

काय? … दर तासाला कॉपी निघते? दुसऱ्या डिस्कवर? म्हणजे मी पुसायच्या आधीचं — ते आहे? आर्विडनं मला कधी सांगितलं नाही. आणि मी इतके महिने इथं … उघड. नको, थांब. तू वाच आधी, मनात वाच. मी खिडकीपाशी उभी राहते. अपघातच असेल, बघ तू. माफ कर म्हणजे कशाबद्दलही असेल — उशीर होईल म्हणून, गाडी नेतोय म्हणून. तो कशालाही माफी मागायचा. मीठ सांडलं तरी मागायचा.

झालं वाचून? … लेन? … मासे म्हणतोय ना? कुठंतरी मासे हा शब्द असेल की. नीट बघ, शेवटी असेल.

चष्मा का काढलास?

नको. काही सांगू नकोस. हात पण लावू नकोस मला. ती कॉफी राहू दे तशीच — तू जा, लेन. जा म्हटलं ना.