सबवूफरचं तोंड कुणीकडे
एसयूव्हीत सबवूफर कुठे बसवावा, असं कुणी विचारलं की मला आमच्या शेणवे गावची चौदा एप्रिलची मिरवणूक आठवते. त्या वर्षी गाणी आपल्या गाडीवरच वाजतील, असं माझ्या भावानं, संदीपनं, वस्तीला परस्पर सांगून टाकलं होतं. त्यामुळे बँजो पार्टी ठरवलीच नव्हती. त्यानं सबवूफरचा, म्हणजे जाड आवाजाच्या स्पीकरचा, खोका आमच्या एसयूव्हीच्या डिकीत, मागच्या दाराकडे तोंड करून, स्क्रूनं घट्ट आवळला. गाडी पुढे आणि लोक मागे, असं त्यानं गृहीत धरलं होतं.

निघायच्या वेळी काकू तसबीर घेऊन आली आणि गाडीच्या पुढ्यात उभी राहिली.

"तसबिरीच्या पुढं गाडी न्यायची? नाय रे. गाडी शेवटाला."

म्हणजे खोक्याचं तोंड रिकाम्या रस्त्याकडे. संदीप माझ्याकडे वळला. "ताई, रिव्हर्समध्ये चालवू काय?"

"समोर पोरं चालणार आहेत. खोक्याला हात लावू नकोस. जाड आवाजाला दिशा नसते, तो सगळीकडे पसरतो. शब्द दारातल्या स्पीकरांतून जातील. काचा खाली कर."

मी हे ठामपणे सांगितलं खरं, पण पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातलं ते विधान मी स्वतः कधीच पडताळून पाहिलं नव्हतं. मिरवणूकभर मी गाडीशेजारून चालले आणि पुढे काय पोहोचतंय ते मला कळेना. विहारापाशी पोहोचल्यावर मी आधी काकूला गाठलं.

"पुढे ऐकू आलं का गं?"

"आलं गो. हातात तसबिरीची काच थरथरत होती. आता बारीक करा, फुटायची."