शर्टावरची सावली

दारावरची पाटी न्यायला आलेली बाई दुकानातल्या बाकावर टेकली होती. काउंटरशी कारागीर आणि एक आजी कॉम्प्युटरच्या एकाच पडद्यात डोकं घालून बसले होते. आतल्या खोलीतलं दगड कोरायचं लेझर मशीन झोपेत गुणगुणावं तसं चाललं होतं. बाईचे डोळे मिटत होते, कान तेवढे जागे होते.

"स्मृतिशिळेसाठी फोटो झकास आहे, आजी. आजोबांच्या शर्टावरचा हा डाग तेवढा पुसतो."

"डाग नाही, सावली आहे ती."

"दगडावर सगळं एकच. मशीन जिथे जाळतं तिथे काळी फरशी पांढरी पडते. सावलीला ते हातच लावत नाही."

"म्हणजे तिथे दगड मुळात होता तसाच राहणार?"

"अगदी तसाच. पण ही सावलीच्या डोक्यावर टोपी कसली?"

"अंबाडा आहे माझा. ऊन पाठीशी होतं, कॅमेरा माझ्या हातात. हलू नका म्हटलं, तर ऐकलं हो. जन्मात एकदाच."

"सावली ठेवली, तर त्यांचा अर्धा शर्ट दिसायचा नाही."

"न दिसू दे. इस्त्री तरी कुठे होती त्याला."

कारागीर हसला. बाईने डोळे उघडले नाहीत.

"बरं, नाही पुसत. खाली नाव काय घालू?"

"त्यांचं घाला."

"आणि तुमचं?"

"माझं कशाला? मी आहे ना वरती."