मेक्सिकोचा पट्टा आणि कल्याणचा मारुती

गळ्याशपथ सांगतो, हे मी या डोळ्यांनी बघितलेलं. म्हणजे त्या आठवड्यात मी आजोळी गेलेलो, पण बघितल्यासारखंच आहे.

पन्नास सालानंतरची गोष्ट. कल्याणच्या कुस्त्यांच्या दंगलीत मेक्सिकोचा एक चॅम्पियन आलेला. तोंडावर बुरखा, कमरेला किताबाचा सोनेरी पट्टा. मिठागरावर काम करणाऱ्या आमच्या धर्मा पैलवानाने त्याला चीत केलं आणि पट्टा जिंकला. आमच्या तालमीची रीत अशी की जिंकलेलं पहिलं बक्षीस मारुतीला वाहायचं. धर्माने पट्टा सरळ तालमीतल्या मारुतीच्या कमरेला बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दंगलीचा ठेकेदार मेक्सिकोवाल्याला घेऊन तालमीत हजर.

"वस्ताद, पट्ट्याशिवाय याला पुढच्या गावात कोण उभं करणार? धर्माशी परत कुस्ती लावा."

"धर्माशी कशाला?" वस्ताद म्हणाले. "पट्टा ज्याच्या कमरेला, त्याच्याशी लढायचं. नियम तुमचाच ना?"

ठेकेदाराने पाहुण्याला समजावलं. त्याने मूर्ती खालून वर न्याहाळली आणि काहीतरी पुटपुटला.

"वजन किती, विचारतोय," ठेकेदार म्हणाला.

"हातातला डोंगर धरून, की सोडून?"

गडी बुरखा उतरवून मारुतीच्या पाया पडला. वस्तादांना दया आली. त्यांनी नारळ फोडला आणि पट्टा प्रसाद म्हणून परत दिला.

आता खरं सांगतो. पट्टा परत दिला, एवढं माझ्या पदरचं. मेक्सिकोवाले चॅम्पियन म्हणून कोणाचंही नाव लावोत, किताब अजून आमच्या मारुतीकडेच आहे.