पन्नाशीत वाढलेली पावलं आणि मालती सिस्टर

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष डॉक्टर अपर्णाताई, मंचावर विराजमान असलेले नगरपालिकेचे सदस्य हिरामणजी, ज्यांना निरोप द्यायला मन तयार नाही त्या सत्कारमूर्ती मालती सिस्टर, दवाखान्याचे सर्व कर्मचारी आणि सौंसर-रामाकोन्याहून आलेल्या माझ्या मंडळींनो, सर्वांना नमस्कार.

मी भाऊराव, रामाकोन्याच्या शाळेतला गुरुजी. मला पाच मिनिटं दिली आहेत. शाळेत माझी पाच मिनिटं पाऊण तासाची होतात, तेव्हा अध्यक्षांनी कृपया घड्याळाकडे पाहू नये.

चार वर्षांपूर्वी माझी पावलं वाढू लागली. वय एक्कावन्न. सात नंबरची चप्पल पाहता पाहता नऊवर गेली. अंगठी बोटातून निघेना. शेवटी माझ्या पत्नीनं, सुचितानं, ती सोनाराकडून कापून घेतली. नाक पसरलं. लोक म्हणायचे, गुरुजीले पगार मानवून राहिला. डोकंही दुखायचं, पण तो दोष मी मुलांच्या निबंधांवर ढकलला.

एक दिवस बीपी तपासायला इथे आलो. मालती सिस्टरनी बीपी राहू दिलं आणि माझे हातच उलटसुलट करून पाहिले. मग माझा जुना फोटो मागितला. या वयात माझ्यासाठी स्थळ आलं की काय? मी शाळेचं ओळखपत्र दाखवलं. दोन्ही चेहरे पाहून त्या म्हणाल्या, "गुरुजी, पन्नाशीत पोट वाढते, पाय नाही वाढत. नागपूरले जा."

नागपुरात कळलं की मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागे, पिट्यूटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते आणि माझ्या त्या ग्रंथीत गाठ आहे. कॅन्सर नव्हता, पण शरीर वाढवणारा रस ती जास्त सोडत होती. नाकातून ऑपरेशन ठरलं, तारीखही मिळाली. ते सांगायला मी संत्री घेऊन सिस्टरकडे आलो. त्यांनी एवढंच विचारलं, "सुशीलाचं सांगितलं काय डॉक्टरले?"

सुशीला माझी मोठी बहीण. बावीस वर्षांपूर्वी संत्र्याच्या बागेत ती डोकं धरून खाली बसली आणि याच दवाखान्यात दोन तासांत गेली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. नोकरीत नवीनच लागलेल्या मालती सिस्टर तिच्या उशाशी होत्या. मी म्हणालो, तिचा याच्याशी काय संबंध? खरं सांगू? त्या दिवसाबद्दल मी घरातसुद्धा बोलत नसे. संबंध आपल्यालाही ठाऊक नाही, पण सांगायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी टाळणार हे ओळखून सिस्टर आपल्या सुटीच्या दिवशी माझ्यासोबत नागपूरच्या बसमध्ये बसल्या.

डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि रक्तवाहिन्यांची वेगळी तपासणी करवली. गाठीला लागूनच एका धमनीवर फुगा निघाला, सायकलच्या ट्यूबवर येतो तसा. गाठ काढताना त्याला धक्का लागला असता, तर आज मी बोलत नसतो. माझ्या फोटोसमोर दुसरं कुणी बोललं असतं.

आधी मांडीच्या धमनीतून बारीक तार नेऊन तो फुगा आतून बुजवला. काही महिन्यांनी नाकातून गाठ काढली. डोक्याची दोन दुखणी, पण डोकं कुणी उघडलंच नाही. सुचिता म्हणते, बरंच झालं, उघडून सापडलं काय असतं! सिस्टरनी माझ्या धाकट्या भावालाही तपासणीला पाठवलं. त्याच्या डोक्यात काहीच निघालं नाही. आम्हाला घरी तो संशय होताच.

मी बरा होऊन घरी आल्यावर सिस्टर भेटायला आल्या. माझ्या आईसमोर, या पहिल्या रांगेत बसलेल्या कलाबाईंसमोर, त्या उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, सुशीलाच्या वेळी मले काही समजलं नव्हतं. इतके वर्षं तुमच्या घरी यायची हिंमत नाही झाली."

आईनं त्यांना हाताला धरून जवळ बसवलं. म्हणाली, "समजलं नसन. पण पोरीचं नाव तू इसरली नाही."

आयोजकांनी मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलं, मी सर्वांचा ऋणी आहे. मान्यवरांच्या नावात, मानापानात माझ्याकडून काही राहिलं असेल तर पोटात घाला. सिस्टर, आज आमच्या घरी जेवायला यायचं आहे. आईनं सकाळीच सांगून ठेवलं आहे.