जुना घाला की!

...आणि वर मलाच विचारतात, "साइज काय हो तुमची?" अहो, साइज विचारून करताय काय? टी-शर्ट येतो तो एकाच मापाचा! पोट झाकायला जावं तर खांदे कोपरापर्यंत लोंबतात! तुम्हाला सांगतो, आमच्या कंपनीत पंप बनतात, मी तिथला स्टोअरकीपर, पण हल्ली माझ्या स्टोअरमध्ये पंप शोधावे लागतात, टी-शर्ट पायात येतात! पाणी वाचवा दिन, टी-शर्ट! झाडं लावा सप्ताह, टी-शर्ट! झाड लावलं एक, तेही साहेबांनी, फोटोपुरतं, आणि टी-शर्ट सगळ्या कारखान्याला! 'प्लॅस्टिक टाळा' छापलेला टी-शर्ट आला कशात? प्लॅस्टिकच्या पिशवीत! प्रत्येकाला वेगळी पिशवी! कशासाठी? पर्यावरणासाठी!

बरं, ते कापड तरी कापड आहे का? वारा आत येत नाही, घाम बाहेर जात नाही! परवा साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली, रंगाचं पाणी नदीत कसं जातं, असला कपडा धुतला की बारीक धागे सुटतात, ते माशाच्या पोटात, मासा आपल्या पोटात... म्हणजे मी माझाच टी-शर्ट खातोय! आणि हे सांगताना साहेबांच्या अंगात काय? तोच!

घरी आमची ही. तिनं एक घेतला फरशी पुसायला, तर तोही धड नाही! "अहो, पाणी पीतच नाही मेला! नुसतं इकडचं तिकडं ढकलतो, तुमच्या साहेबासारखा! एक सुती फडकं द्या हो मला घरात!" रोजचं तुणतुणं.

आता सुती म्हणाल तर माझ्याकडे एकच शर्ट. वडिलांचा. बारीक चौकडीचा. कॉलर झिजली तेव्हा वडिलांनी शिंप्याकडून उसवून उलटी लावून घेतली होती, झिजलेली बाजू खाली, चांगली वर, झाला शर्ट नवा! आज सांगा कुणाला कॉलर उलटून दे म्हणून, वेड्यात काढतील! वडील गेले, शर्ट राहिला. खिशावर त्यांच्या पेनाचा शाईचा डाग आहे. खरं सांगतो, तो शर्ट अंगात असला की मला कुणाच्या बापाची भीती वाटत नाही.

म्हणून मीटिंगला तोच घालून गेलो. साहेब म्हणतात, "मंडळी, या वर्षीचा आपला विषय, कपड्यांमुळे होणारं प्रदूषण! आणि त्यासाठी आपण छापतोय..." काय छापतोय? ओळखा! माझं टाळकंच सरकलं! ताडकन उठलो, हात वर केला आणि ओरडलो, "साहेब, अहो जुना घाला की!" आणि टर्रर्र! काखेत फाटला! म्हटलं, शर्टही गेला, नोकरीही गेली. तर साहेब टाळ्या वाजवायला लागले! "वा! काय वाक्य आहे! हेच छापा!"

हेच छापा!! 'जुना घाला की!' कशावर? नव्यावर! पहिला लॉट आला, त्याचा हिरवा साहेबांना पुरेसा हिरवा वाटेना, म्हणून सगळा पुन्हा छापला! खोकी कुणी उतरवून घेतली? मी! परत कुणी पाठवली? मी! पुन्हा कुणी उतरवली? कशासाठी? पर्यावरणासाठी! आणि त्या खोक्यांच्या नादात वडिलांचा शर्ट शिंप्याकडे टाकायचा राहिला तो राहिलाच. दोन टाक्यांचं काम हो!

वाटपाच्या दिवशी नवा टी-शर्ट अंगात, घरी आलो, तर फरशी अशी लखलखीत! ही खुशीत. "बघा कसं पाणी पितंय! याला म्हणतात फडकं!" मी बादलीकडे बघितलं. बारीक चौकडी. शाईचा डाग.

"अहो, काखेत फाटलेला दोरीवर लोंबत होता... तुम्ही शिवायला टाकेनात... म्हटलं, आता नवा मिळालाय ना तुम्हाला!"

ओरडणार होतो. तोंड उघडलंसुद्धा. पण माझ्याच छातीवर छापलंय ना, एवढ्या मोठ्या अक्षरात! तिनं ते वाचलं आणि तिचा चेहराच पडला. बिचारीनं फाडायच्या आधी बटणं तेवढी कापून वाटीत ठेवली होती. गुपचूप माझ्या हातात दिली. "राहू द्या. कामाला येतील."

रडू आलं हो मला. बटणं ठेवायला छातीशी हात नेला, तर या कार्ट्याला खिसा नाही! तसाच मुठीत घेऊन गेलो शिंप्याकडे. म्हटलं, बाबा रे, वडिलांची आहेत, लाव कुठंतरी. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला,

"लावतो की काका. पण आधी शर्ट आणा!"