कार्ड माझं, वाचन हिचं

तुम्ही हसा खुशाल, पण आमच्या वडीगोद्रीच्या वाचनालयानं मला उत्तम वाचक म्हणून शाल दिली हाय. मी चौथी नापास. कार्ड माझ्या नावावर, पुस्तकं वाचती माझी बायको शांता. बायांनी लिहिलेल्या प्रेमाच्या कादंबऱ्या, न्हाई तर बायांनीच लिहिलेला जुन्या बायांच्या जिण्याचा इतिहास. मी चिडवायचो, "कोणाच्या लग्नासाठी रडून राह्यलीस? भाकर करपली."

वर्षाअखेर रजिस्टरात माझंच नाव सगळ्यात वर निघालं. शाल अंगावर पडली अन् ग्रंथपाल बाई म्हणल्या, "दादा, एवढं वाचलंत, दोन शब्द बोला." समोर सगळं गाव, अन् त्यातल्या एकालाही मी आजवर चिडवायचं सोडलेलं न्हाई. आज मी फसलो असतो तर त्यांनी मला जन्मभर सोडलं नसतं. पहिल्या रांगेत शांता तोंडाला पदर लावून हसून राह्यल्ती.

मी माइक धरला. "कादंबरीत लगीन होईस्तोवरचं लिहिलेलं असतं, अन् इतिहासात लगीन झाल्यावरचं."

बायांनी टाळ्यांनी मंडप दणाणून सोडला. मी ऐटीत खाली आलो, तर शांतानं हात पुढं केला.

"हे मीच परवा भाकरी थापताना बोलल्ते. शाल इकडं द्या."